पितळेचा दाता

1972 च्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि आबांनी मला औरंगाबादला धाडलं. आमचं गाव पैठण तालुक्यातलं. आबा न् माय दुष्काळी कामावर खडी फोडायचे. घरातलं खाणारं एक तोंड कमी होईल, एवढाच त्यात हिशोब. मी सोळा वर्षांचा होतो.

औरंगपुऱ्यात भाजी मंडईपासून जवळच एका बोळात पत्र्याचं शेड होतं. तिथं एक जुनं लेथ मशीन. चामडी पट्ट्यावर चालायचं. मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. पहिले काही महिने मी फक्त कीस झाडला, तेल घातलं, चहा आणला. मग एक दिवस उस्तादांनी हेडस्टॉकचं झाकण उघडून मला जवळ बोलावलं.

"देख, ये बॅक गेर. इसको समझा तो आधा लेथ समझा."

पट्टा चार पायऱ्यांच्या पुलीवर चालतो. पुली आणि तिच्या शेजारचं मोठं चाक, म्हणजे बुल गिअर, एका पिनेनं जोडलेलं असतं. पिन आत असली की पुली फिरेल तेवढाच चक फिरतो. पिन बाहेर ओढली की पुली नुसतीच मोकळी फिरते. मग मागची दांडी ओढून मागची दोन चाकं पुढं आणायची. पुलीच्या छोट्या चाकाला 24 दाते, ते मागच्या 72 दात्यांच्या चाकाला फिरवतं. त्याच्याच जोडीचं 24 दात्यांचं चाक बुल गिअरच्या 72 दात्यांना फिरवतं. तीन त्रिक नऊ. पुलीचे नऊ फेरे, तेव्हा चकाचा एक. वेग नवव्या हिश्शावर येतो, पण जोर तितकाच वाढतो.

मी विचारलं, "एवढं हळू कामून चालवायचं?"

उस्ताद हसले. "हल को घोडा जोतते क्या, बेटा? बैल जोतते."

हे मला लगेच कळलं. नांगराला पळणारं जनावर चालत नाही, रेटणारं लागतं.

मग नियम सांगितला. मशीन बंद कर. चक पुरता थांबू दे. पिन ओढ. मग दांडी. दाते बसले नाहीत तर चक हातानं जरासा हलव, जोर लावू नको. आणि पिन आत असताना दांडी ओढायची नाही. दोन्ही लागले तर मशीन स्वतःलाच अडकून बसतं.

यातलं शेवटचं वाक्य मी लक्षात ठेवलं, पण भलत्याच कामासाठी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आबा आणि गावचा गिरणीवाला एसटीनं आले. गिरणीची पुली तडकली होती. बिडाची दहा इंची कच्ची ओतीव पुली पोत्यात बांधून आणलेली. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळायचा. गिरणी बंद, म्हणून बायका तीन कोसावर दळण नेत होत्या. आबा उस्तादांपुढं म्हणाले, "माझा पोरगा हाय की हितं. त्योच करील." मी मान खाली घातली, पण छाती भरून आली होती.

दुसऱ्या दिवशी उस्ताद कामाला बाहेर गेले. जाताना म्हणाले, चक बदलून ठेव. पुली चार जबड्यांच्या चकात धरावी लागणार होती. तीन जबड्यांचा चक मात्र आट्यांवर असा बसला होता की हलेना. मला युक्ती सुचली. पिन आतच ठेवली आणि दांडी ओढली. स्पिंडल जाम. चकाच्या किल्लीला पाइप घातला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला.

कट्‌ असा आवाज आला. चक सुटला नाही. मागच्या छोट्या चाकाचा एक दाता तुटून खाली पडला.

संध्याकाळपर्यंत मी तो दाता मुठीत धरून पायरीवर बसलो. पळून जावं असं वाटलं, पण जायचं कुठं? गावात गिरणी बंद होती.

उस्ताद आले. मूठ उघडून पाहिली. शिवी दिली नाही. बेडवर लाकडी ठोकळा ठेवला, दांडी मागं टाकली, पिन आत आहे हे पाहिलं आणि पट्टा हातानं उलटा ओढून चकाचा जबडा ठोकळ्यावर आपटू दिला. दोन-तीन आपट्यांत चक सैल झाला. मग म्हणाले, "तोड्या तू, तो बनाएगा बी तूच."

तुटलेल्या जागी ओळीनं तीन भोकं पाडली, आटे पाडले, पोलादाच्या खुंट्या बसवल्या. गॅसवाल्याकडून त्यावर पितळ भरून आणलं. त्या पिवळ्या गोळ्याचा दाता मी कानशीनं घडवला. शेजारच्या चांगल्या दात्यावरून पत्र्याचा साचा कापला होता. तो दर पाच मिनिटांनी लावून बघायचा. दोन दिवस गेले. बोटं सोलली.

तिसऱ्या दिवशी पुली चढवली. मशीन बंद, पिन बाहेर, दांडी पुढं. चालू केलं. पट्ट्यावर मिनिटाला 270 फेरे, चकाला 30. एवढ्या मोठ्या बिडाला 270 नं टूल लावलं असतं तर टूलचं तोंड तिथंच जळालं असतं. आता काळा कीस सावकाश गळत होता. मी कान देऊन ऐकत राहिलो. माझा दाता येईल तेव्हा ठोका लागेल, ही भीती. अगदी बारीक टक्‌ यायची. उस्ताद म्हणाले, "चलता."

ठरल्या दिवशी आबा आले. पुलीवरून हात फिरवला, काही बोलले नाहीत. दाता तुटल्याचं मी त्यांना एसटी स्टँडवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मालकाला सांगितलंस ना? मग झालं."

पुढं मी तिथं बरीच वर्षं काढली. नवं पोरगं आलं की त्याला झाकण उघडून आधी तो पिवळा दाता दाखवायचो, मग पिन.