दुधाचे दात

‘दुधाचाच दात, आज ना उद्या पडायचाच!’ हे वाक्य शाळेत इतक्या आयांच्या तोंडून मी ऐकले आहे, की ती म्हणच वाटावी. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे, एकही दात न पाडता, एक दाढ गुपचूप उगवते. ती जन्माची असते. आई तिलाही दुधाचीच समजते, आणि ती किडते.

परवा आमच्या पहिलीच्या वर्गात दंतवैद्य बाई आल्या. व्हार्निश आपल्याकडे खुर्च्यांचे. हे फ्लोराइडचे, दातांचे! इवल्याशा कुंचल्याने फिरवले की लाळेने चिकटून बसते. सुई नाही, घरघर नाही. वर्षातून दोनदा लावायचे. २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात त्याने कायमच्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी घटलेली दिसली.

एका आजोबांनी मात्र नातवाचा हात धरून ठेवला. ते यवतमाळकडचे, विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने तपकिरी झालेले दात त्यांनी पाहिलेले. भीती खोटी नव्हती. पण वर्षानुवर्षे पोटात जाणारे पाणी निराळे, सहा महिन्यांनी दाताला लागणारा थेंब निराळा, हे बाईंनी न रागावता सांगितले.

“याची ती दाढ आली का हो?” आजोबांनी विचारले, आणि चष्मा पुसून स्वतःच आत डोकावले.