आपल्या जाळ्याची किल्ली आपल्याच हाती

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हां माजी विद्यार्थ्यांकडे लेख मागितला, तेव्हा प्रथम मनात आल्या त्या नेहमीच्याच आठवणी : पहाटेची घंटा, विहारातील वंदना, पंगतीतील पिठले-भाकरी आणि गृहपाल सरांचा धाक. त्या इतरांनी आमच्याहून सरस लिहिल्या असतील. म्हणून आम्ही निराळा विषय घेतला आहे. संगणक कक्षामागील छोट्या खोलीत एका लोखंडी कपाटात चार यंत्रे एकावर एक बसविलेली आहेत. पालकसभेला येणाऱ्यांना त्यांचे लुकलुकणारे हिरवे दिवे तेवढे दिसतात. ती यंत्रे काय करतात, ती कामाला कशी लावली आणि ते काम शाळेतील माणसांनाच का यावे, हे येथे सांगावयाचे आहे.

आम्ही म्हणजे निरनिराळ्या वर्षी या शाळेतून बाहेर पडलेले पाच जण. तिघे नेटवर्कच्या व्यवसायात, एक आयटीआयमध्ये निदेशक आणि एक रेल्वेच्या सिग्नल विभागात. आम्हांला एकत्र आणले ते शिष्यवृत्तीच्या अर्जांनी. अकरावी-बारावीच्या मुलांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात आणि त्यांना अंतिम तारीख असते. त्या वर्षी तारीख जवळ आली आणि शाळेचे इंटरनेट बंद पडले. जाळे बसविणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराने पासवर्ड स्वतःपाशीच ठेवला होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मुले जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका पिशवीत घालून तालुक्याच्या सायबर कॅफेत रांगेत उभी राहिली. प्रत्येक अर्जामागे पैसे मोजावे लागले. ज्यांच्या घरून तेवढे पैसे येण्यासारखे नव्हते, त्यांचे पैसे गृहपाल सरांनी स्वतःच्या खिशातून भरले.

ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की त्याची सत्ता होते, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ते ही मूठ उघडण्यासाठीच. ज्या शाळेची मुळे त्या परंपरेत आहेत, तिच्या दाराची किल्ली परक्याच्या खिशात असावी, हे आम्हांला रुचले नाही.

सुदैवाने त्याच सुमारास आमच्यापैकी एकाच्या कार्यालयात जुनी उपकरणे बदलली जात होती. रीतसर पत्रव्यवहार होऊन सिस्को कंपनीचे ‘कॅटॅलिस्ट ३७५०जी’ मालिकेतील चार स्विच शाळेला देणगी मिळाले. तीन ४८ पोर्टचे आणि एक २४ पोर्टचा. स्विच म्हणजे जाळ्यातील टपालघर. प्रत्येक संगणकाची तार येथे येते आणि कोणता निरोप कोणत्या तारेवर सोडावयाचा हे स्विच ठरवितो.

यंत्रांवर जुन्या कार्यालयाचा पासवर्ड होता. पुढील बाजूचे ‘मोड’ बटण दाबून ठेवून वीज सुरू केली की हा स्विच आपली जुनी मांडणी न वाचता थांबतो. मग तिची फाईल बाजूला सारून त्याला कोरा सुरू करता येतो. विभागांची यादी मात्र ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाईलमध्ये असते. ती पुसली नाही, तर जुन्या घराच्या खोल्या नव्या घरात तशाच राहतात. यातून मुलांनी एक धडा आपणहून काढला : ज्याच्या हाती पेटी, त्याच्या हाती जाळे. दुसऱ्याच दिवशी कपाटाला कुलूप लागले.

त्यानंतर आकाशी रंगाची कन्सोल तार लॅपटॉपला जोडली, वेग ९६०० ठेवला आणि काळ्या पडद्यावर यंत्राचा पहिला शब्द उमटला. येथे माउस नाही, चित्रे नाहीत. आज्ञा टंकित करावयाची आणि उत्तर वाचावयाचे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी आज्ञांची भीती वाटेल असे आम्हांला वाटले होते. परंतु या भाषेतील नित्याचे शब्द मोजकेच आहेत, आणि अडल्यास प्रश्नचिन्ह टाकावे. पुढे कोणते शब्द चालतील ते यंत्र स्वतः सांगते. प्रश्न विचारणाऱ्याला येथे कोणी रागावत नाही, हे कळल्यावर मुलांची भीड चेपली.

चार स्विच वेगवेगळे ठेवले असते, तर चार पत्ते, चार पासवर्ड आणि प्रत्येक बदल चार ठिकाणी करावा लागला असता. या मालिकेतील नऊपर्यंत स्विच मागील बाजूच्या जाड तारांनी जोडून त्यांचे एकच यंत्र करता येते. त्याला स्टॅक म्हणतात. पहिल्याची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला आणि चौथ्याची पुन्हा पहिल्याला. ही शेवटची तार अनेक ठिकाणी आळसाने जोडली जात नाही, कारण तिच्यावाचूनही काम चालते. पण तिच्यामुळेच कडे पूर्ण होते. पूर्ण कड्याची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट असते. एखादी तार निसटली तर ती निम्मी होते, पण जाळे तुटत नाही. आम्ही मुलांसमोर एक तार मुद्दाम उपसून दाखविली. कक्षातील संगणकांना त्याची जाणीवही झाली नाही.

चौघांत एक प्रमुख असतो. नववीतील एका मुलीने विचारले, “ताई, प्रमुख कोण हे ठरवते कोण?” प्रत्येक यंत्राला १ ते १५ असा प्राधान्यक्रम देता येतो, न दिल्यास सर्वांचा १ च असतो. ज्याचा आकडा मोठा तो प्रमुख. सर्व समान असतील तर इतर निकष पाहिले जातात. त्यांत अधिक काळ अखंड चालू असणे हा एक आहे. यावर तिने उपालीची कथा सांगितली. शाक्य राजकुमारांनी आपला अभिमान गळून जावा म्हणून नापित उपालीला आपल्या आधी प्रव्रज्या घेऊ दिली. संघात ज्येष्ठता कुळावरून नव्हे, तर प्रवेशाच्या क्रमावरून मोजली जाते, म्हणून ते राजकुमार उपालीला वंदन करू लागले. साम्य अर्थातच वरवरचे आहे. तरीही त्या दिवसानंतर तो निकष वर्गात कोणी विसरले नाही.

आम्ही ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’ आणि ‘स्विच २ प्रायॉरिटी १४’ अशा आज्ञा दिल्या. एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची : या आज्ञेने सध्याचा प्रमुख तत्काळ पदावरून उतरत नाही, पुढील निवडीच्या वेळी ती लागू होते. प्रमुख बंद पडल्यास दुसरा त्याची जागा घेतो. ते शक्य होते, कारण मांडणीची प्रत प्रत्येक सदस्यापाशी असते.

पुढचे काम विभागांचे. कार्यालयाला व्हीलॅन १०, संगणक कक्षाला २०, ग्रंथालय व शिक्षक कक्षाला ३० आणि वसतिगृहाच्या अभ्यासिकेला ४०. तारा त्याच, यंत्र तेच. पण कक्षातील संगणकावरून कार्यालयातील फी व निकालाच्या नोंदींपर्यंत वाट नाही. पोर्टचे नाव ‘२/०/१४’ असे असते : पहिला आकडा स्टॅकमधील यंत्राचा, शेवटचा पोर्टचा. चाळीस पोर्टना एकेक करून सांगावे लागत नाही. ‘इंटरफेस रेंज’ म्हणून एकदम सांगता येते. मग ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’.

शाळेत सर्वांत मोठा धोका बाहेरच्या चोराचा नसतो, तर टापटिपीची हौस असलेल्या मुलाचा असतो. लोंबकळणारी तार दिसली की तो तिचे दुसरे टोकही भिंतीतील रिकाम्या खाचेत बसवितो. त्यामुळे वळसा तयार होतो, आणि इथरनेटच्या निरोपांना आयुर्मर्यादा नसल्याने ते गरगर फिरत वाढत जातात. काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते. यावरचा ‘स्पॅनिंग ट्री’ हा उपाय रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ महिलेने १९८५ साली शोधला. स्विच एकमेकांना ओळखपत्रे पाठवितात आणि वळसा दिसताच एक वाट मिटवितात. मुलांच्या संगणकांच्या पोर्टवर आम्ही ‘पोर्टफास्ट’ आणि ‘बीपीडीयू गार्ड’ लावले. अशा पोर्टवर स्विचचे ओळखपत्र आले की तेवढाच पोर्ट बंद होतो, बाकीचे चालू राहतात. तार काढून ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’ म्हटले की तो पुन्हा उघडतो.

दुसरा धोका घरून आणलेल्या वायफाय राउटरचा. तो जाळ्याला जोडला की संगणकांना खोटे पत्ते वाटू लागतो. त्यासाठी ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग’ सुरू केले, ते विभागांना लागू केले आणि खऱ्या राउटरकडे जाणारा एकच पोर्ट विश्वासार्ह ठरविला. पत्ते वाटण्याचा अधिकार आता त्याच दिशेला आहे.

प्रत्येक आज्ञेनंतर ‘शो’ने सुरू होणारी आज्ञा देऊन खातरजमा करावयाची, हा नियम आम्ही घातला. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश मुले प्रार्थनेनंतरच्या तासाला शिकतच होती. ताडून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, हे त्यांना येथे रोज करून पाहता आले. धोक्याचा बदल दुरून करावयाचा असेल तर आधी ‘रिलोड इन १०’ म्हणावे. बदल चुकून वाट बंद झाली, तर दहा मिनिटांनी यंत्र जुन्या मांडणीसह पुन्हा सुरू होते. सारे ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’ म्हणून मगच मांडणी जतन करावी. जतन न केलेला बदल वीज गेल्याबरोबर नाहीसा होतो, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वाचकांना ठाऊकच आहे.

हे सारे एका जाड वहीत आहे. प्रत्येक आज्ञा, तिचा अर्थ आणि ती का दिली याचे कारण, मुलांच्याच हस्ताक्षरात. वहीच्या दोन प्रती. एक संगणक कक्षात, एक कार्यालयात. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात असतो आणि दर जूनमध्ये बदलला जातो. नववी ते अकरावीची आठ मुले-मुली हे काम सांभाळतात आणि वरच्या वर्गातील मुले जाण्यापूर्वी खालच्यांना शिकवितात.

गेल्या वर्षी सराव परीक्षेच्या सकाळी कक्षातील सहा संगणक बंद झाले. आम्हांला कळले ते संध्याकाळी, तेही सहज बोलताना. सहाही संगणक एका छोट्या जोडपेटीवर होते आणि तिच्यात कोणीतरी एकाच तारेची दोन्ही टोके बसविली होती. दहावीतील एका मुलाने पडद्यावर बंद पोर्ट शोधला, ती तार काढली, दोन आज्ञा दिल्या आणि परीक्षा वेळेवर सुरू झाली. त्याने आम्हांला फोन केला नाही, याचा आम्हांला फार आनंद झाला. शिष्यवृत्तीचे अर्जही गेल्या वर्षी सर्वच्या सर्व याच कक्षातून भरले गेले.

ही यंत्रे जुनी आहेत. या मालिकेला कंपनीचा आधार आता मिळत नाही, म्हणून त्यांच्यापर्यंतची वाट आम्ही केवळ कार्यालयाच्या विभागातून आणि एसएसएचनेच खुली ठेवली आहे. एक दिवस ती बदलावी लागतील. ज्यांच्या कार्यालयातून सुस्थितीतील उपकरणे निघत असतील, त्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कळवावे. त्याहून मोठी विनंती अशी की, वर्षातून दोन रविवार द्यावेत. यंत्र नवे येईल तेव्हा वहीतील काही आज्ञा बदलतील. त्या मुलांच्या शेजारी बसून लिहाव्या लागतील. पालकांनीही मुलांना एकदा विचारावे, त्या हिरव्या दिव्यांचा अर्थ काय. ती सांगतील.

नमो बुद्धाय. जय भीम.