तामसीत उतरलेले विमान

आदिलाबादहून तामसीकडे निघाले की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापूस. गावात तेलुगू, मराठी, गोंडी तिन्ही कानावर पडतात. आभाळातही वर्दळ असते, कारण नागपूर ते हैदराबाद अशी सरळ रेघ मारली तर ती आमच्या जिल्ह्यावरूनच जाते. दिल्ली-हैदराबादची विमाने डोक्यावरून जातात, उतरत मात्र एकही नाही.

आमच्या आळीत विमान उतरले ते शेजारच्या काकांच्या सुटकेसमधून. १९८०च्या दशकात या भागातली कितीतरी माणसे आखातात मजुरीला गेली, काकाही गेले. येताना त्यांनी मुलासाठी सेलवर चालणारे विमान आणले. मुलगा तीन वर्षांचा, बापाला प्रथमच पाहत होता. विमानाकडे तो लगेच गेला. बापाकडे जायला त्याला आठवडा लागला.

ते विमान भिंतीला धडकले की आपोआप वळायचे. आम्हाला तो चमत्कार वाटे. खरे तर पोटाखालचे चाकांचे जोडकाम अडथळा आला की स्वतःभोवती फिरते आणि नवी दिशा धरते, एवढेच. ही युक्ती जुनी आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत जपानी कारखाने अशी पत्र्याची विमाने करून परदेशी पाठवत. त्यांवर खऱ्या विमान कंपन्यांची नावे छापलेली, पंखे फिरायचे, दिवे लागायचे. आकाशात जेट आले तशी खेळण्यांचीही पंख्याची विमाने मागे पडली. एअर इंडियाला पहिले बोइंग ७०७ मिळाले १९६० साली. तिकीट ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांच्याही मुलांच्या हाती निदान खेळणे येऊ शकत होते.

आमच्याकडे अडचण सेलची. रात्री मोटार सुरू करायला शेतात जाताना बॅटरी लागे, मग आजी विमानातले सेल काढून तिच्यात घालायची. विमान महिना महिना कपाटावर बसून राही. (केसलापूरच्या नागोबा जत्रेतली स्वस्त विमाने घरी येईपर्यंतही टिकत नसत, हा भाग वेगळा.)

आदिलाबादेत निजामाच्या काळातली धावपट्टी आहे. तिथे विमानतळ व्हावा ही मागणी फार जुनी. २०२५ मध्ये वायुदलाने त्याला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा गावात चर्चा झाली. मला विचाराल तर इथल्या कापूसवाल्यापेक्षा आखातातल्या मजुराला त्याची जास्त गरज आहे.

काकांचा तो मुलगा आता स्वतः दुबईत असतो. काकींनी मला विचारले, "इथून थेट दुबईला जाईल का रे विमान?"

म्हटलं, "नाही काकी, आधी हैदराबाद."

"मग बसनेच जाईल तो," त्या म्हणाल्या, आणि वाती वळू लागल्या.