उंबरा तसाच ठेवला

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा पहिला हात लावावा लागला तो बाबांनी केलेल्या दुरुस्तीला. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. घर झकपक दिसले म्हणे! पण चिऱ्याची भिंत पावसात पाणी ओढते आणि वारा-ऊन मिळाले की सोडते. वर सिमेंट बसले की ओल बाहेर पडायची वाटच बंद. दर पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे, दर दिवाळीला नवा रंग.

दसऱ्यानंतर ते सिमेंट खरवडले, भिंती काही आठवडे उघड्या ठेवल्या आणि मग चुन्याचा गिलावा केला. चुना घाईने वाळला तर तडकतो, म्हणून गवंड्याने आम्हाला रोज पाणी मारायला लावले. शिगमा आला तरी काम चालूच. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला, हे लपवत नाही.

धाकट्या भावाला राजांगणावर पारदर्शक पत्रा हवा होता. पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन कुठे बसायचे, हा त्याचा प्रश्न खराच होता. पण मधल्या खोल्यांना उजेड तिथूनच, गरम हवा वर जाते तीही तिथूनच. वाद आठवडाभर चालला. शेवटी कौलांची पावळी पुढे काढली, पन्हळी बसवल्या आणि पडवीतला एक कोपरा त्याला दिला.

खरी अडचण आजीची. न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे, तीन पायऱ्या उतरून. गेल्या पावसात ती तिथेच पडली. तिला पणजीच्या फ्लॅटमध्ये हलवायचे असे आम्ही हळू आवाजात बोलायचो. तिला सगळे ऐकू येत होते. तिच्याशिवाय घर दुरुस्त करायचे कोणासाठी? तिच्या खोलीला लागून भाताचे रिकामे कोठार होते. तिथे संडास-बाथरूम केले. चिरा फोडायला नको म्हणून पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेले. दिसायला फार सुंदर नाहीत, पण गळले तर लगेच कळते.

राहिला तिच्या दारातला वीतभर उंच उंबरा. आजी म्हणाली, कापून टाका, मी पडले तर तो थोडाच मला उचलणार आहे! सुताराचा हात मात्र होईना. त्याने दोन्ही बाजूंना फणसाच्या लाकडाचे, काढता येतील असे उतार करून दिले. आता संध्याकाळी ती वॉकर घेऊन तुळशीपाशी स्वतः येते. सणाला उंबऱ्यावर रांगोळी काढायची असली की आम्ही उतार काढून भिंतीला टेकवतो, आणि आजी आतूनच ‘लवकर आटपा गं’ म्हणून ओरडत बसते.