तेरड्याची ओळख

“तेरड्याचा रंग तीन दिवस” ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावली असेल! पण तेरडा कसा ओळखावा, हे मला शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने शिकवले.

गौरीच्या सुटीनंतर तिने वहीत दाबलेली दोन फुले आणली. “गुरुजी, हे आमच्या परड्यातले, हे मामाच्या गावच्या सड्यावरचे. दोन्ही एकच का?”

“एकच. तेरडा. बस खाली.”

ती बसली. रात्री मात्र मला चैन पडेना. पुस्तक काढले. तेरड्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स, म्हणजे अधीर. पिकले बोंड बोट लागताच फुटते म्हणून. जगात याच्या हजारांवर जाती! हिमालय पालथा घालणाऱ्या जोसेफ हूकरने आयुष्याची अखेरची वर्षे त्या निवडण्यात घालवली. १९११ साली तो वारला तेव्हा ९४ वर्षांचा होता. फूल वाळले की पाकळ्या चिकटतात, ओळख बुजते. ताजेपणीच मागची शेपटी पाहावी, बोंड पाहावे. परड्यातल्या तेरड्याचे बोंड लवदार असते.

सकाळी तिला विचारले, “सड्यावरचे बोंड कसे होते ग?”

“गुळगुळीत, गुरुजी. मी फोडून पाहिले ना!”

“मग काल मी चुकलो,” मी साऱ्या वर्गासमोर म्हटले.

वहीतल्या चोळामोळा फुलावरून त्याचे नाव काही लागले नाही. पुढच्या पावसात ती हायस्कुलात जाईल. सड्यावर मलाच गेले पाहिजे. शास्त्राने अधीर म्हटले तेरड्याला. ते नाव खरे शोभते आम्हा मास्तरांना!