पाणचक्कीच्या शहरात कुत्र्याचे स्नान

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबी का मकबऱ्याच्या पाठीशी, डोंगरांची एक बुटकी रांग आहे. पावसाळ्यात ती हिरवी होते आणि दिवाळीनंतर हळूहळू पुन्हा तांबूस-करड्या रंगावर येते. पहाटे आपण विद्यापीठाच्या परिसरात किंवा गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी गेलात, तर फिरायला आलेली पुष्कळ ज्येष्ठ मंडळी आपणांस भेटतील. त्यांतल्या काहींच्या हाती काठीऐवजी कुत्र्याचा पट्टा असतो. मुले नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेली. हौसेने आणलेले पिल्लू आई-वडिलांपाशी राहिले. सिडकोत, गारखेड्यात, समर्थनगरात अशी घरे पुष्कळ आहेत.

अशा घरातला कुत्रा धडधाकट आणि दांडगा असेल, पण त्याची त्वचा नाजूक व ॲलर्जीची असेल, तर घरातील वृद्धांच्या झोपेचे काय होते, हे ज्याच्या वाट्याला आले त्यालाच ठाऊक. रात्री दोन वाजता पलंगाखाली पंजे चाटण्याचा ओला आवाज सुरू होतो. मग पट्ट्याची कडी वाजते, मागचा पाय फरशीवर धाडधाड आपटू लागतो. आठवडा असा गेला की कोणीतरी सुचवते, ‘आता देऊन टाका कोणाला तरी.’ हे सुचवणाऱ्याच्या लक्षात येत नाही की या कुत्र्यामुळेच आजोबा रोज तीन किलोमीटर चालतात आणि आजींशी दिवसभर बोलायला घरात कोणीतरी असते. म्हणून त्याच्या स्नानाचा प्रश्न आपण वाटतो तितका किरकोळ समजू नये.

या प्रश्नाचा आरंभ न्हाणीघरात होत नाही, टेकडीवर होतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या वाटांच्या दुतर्फा गवत गुडघ्यापर्यंत चढते आणि त्यात पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत सर्वत्र माजते. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले हे परदेशी तण आज महाराष्ट्रात कोणत्याही पडीक जागी उगवते. माणसांच्या त्वचेला त्याने चिवट दाह होतो, हे त्वचारोगतज्ज्ञ उत्तम जाणतात. फिरून आल्यावर आपल्याच हातांना, मानेला, पापण्यांना खाज सुटत असेल, तर त्याचाही संशय घ्यावा. कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. परागकणांची ॲलर्जी आपल्याला बहुधा शिंकांतून जाणवते, कुत्र्याला ती त्वचेवर जाणवते. पंजे, काखा, पोट, कान, तोंडाभोवतीचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजांवरचे केस चाटून चाटून तपकिरी झालेले दिसले, तर तो रंग मातीचा नसून लाळेचा असतो. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर चावे घेत असेल, तर आधी पिसवा शोधाव्यात. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात.

तेव्हा त्याला गवतातून मोकळा सोडण्याऐवजी डांबरी वाटेने न्यावे. दांडगटपणाला वाव हवाच असेल, तर स्वच्छ मैदानावर चेंडू फेकावा. घरी परतल्यावर पाय पुसण्याआधी बोटांच्या बेचकीत कुसळ अडकले आहे का, ते पाहावे. रोजच्या रोज पूर्ण स्नान नको. एक तांब्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्याने चारही पंजे आणि पोट पुसून कोरडे केले, तरी दिवसभराचे पुष्कळसे परागकण दाराबाहेरच राहतात.

टेकडीवरून शहराकडे उतरताना सलीम अली सरोवर लागते, पुढे खाम नदी. पाणी पाहिले की दांडग्या कुत्र्याचे पाय थांबत नाहीत. खामेच्या काठांची साफसफाई अलीकडे बरीच झाली आहे, ही आनंदाचीच गोष्ट; परंतु साचलेल्या किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ॲलर्जीच्या कुत्र्याला उतरू देऊ नये. खाजवून ओरखडलेल्या कातडीतून जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार तर अशा पाण्यातून कुत्र्याला आणि त्याच्यामागे माणसालाही होऊ शकतो.

खामेच्या काठीच पाणचक्की आहे. पाहुण्यांना दाखवायला आपण ती अनेकदा पाहिली असेल. एकदा पाण्याच्या दृष्टीने पाहा. १६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने या गावाला ‘नहर’ दिली, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागात झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने वस्तीत आणण्याची योजना. पाणचक्कीचे पाणीही असेच दूरच्या झऱ्यातून मातीच्या नळांनी येते, उंच भिंतीवर चढते आणि तेथून हौदात कोसळते. त्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील यात्रेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी व फकिरांसाठी पीठ दळले जायचे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी असल्यामुळे खाली उन्हाळ्यातही गारवा. एकाच पाण्याकडून तीन कामे करून घेण्याची ही बुद्धी मला त्या जात्याहूनही थोर वाटते.

आज शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडीतून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून येते आणि वर्षानुवर्षे ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने आलेले आहे. नळाचा दिवस हा येथील घरात सणासारखा पाळला जातो. मधल्या दिवसांत टाकी, बोअर आणि टँकर. येथील जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो, तो त्यातल्या क्षारांचा. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण अधिक साबण लावतो. आणि तो नीट निघत नाही, म्हणून कातडीवर चिकट पापुद्रा राहतो. निरोगी कुत्र्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, ॲलर्जीच्या कुत्र्याची खाज मात्र स्नानानंतर उलट वाढते. ‘आंघोळ त्याला सोसत नाही’ असे म्हणण्यापूर्वी पाणी कुठले आणि खळबळले किती, हे तपासावे. कुत्र्याचे स्नान नळाच्या दिवशी ठेवावे. ते शक्य नसेल, तर पहिले भिजवणे बोअरच्या पाण्याने करावे आणि शेवटच्या धुण्यासाठी नळाच्या पाण्याची एक बादली राखून ठेवावी. पावसाळ्यात छतावरून येणारे स्वच्छ पाणी साठवता आले, तर त्याइतके मृदू पाणी दुसरे नाही.

पाणी कोमट, खरे तर गारटच हवे. माणसाला कढत पाण्याने खाजेवर क्षणभर बरे वाटते. कुत्र्याला नेऊन बसवावे तसे ते सुख नव्हे, उष्णतेने खाज भडकते. आपला साबण किंवा शाम्पू त्याला लावू नये. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ. आपल्यासाठी केलेले मिश्रण तिला कोरडे करते. ओटयुक्त सौम्य शाम्पू, किंवा त्वचेवर बुरशी-जंतूंची वाढ झाली असल्यास क्लोरहेक्सिडीनयुक्त औषधी शाम्पू, असे दोन्ही प्रकार मिळतात. कोणता आणि किती वेळा, हे पशुवैद्यकाने ठरवावे. आठवड्यातून एकदा असे स्नान पुष्कळ ॲलर्जीच्या कुत्र्यांना सांगितले जाते. औषधी शाम्पू अंगावर साधारण दहा मिनिटे राहावा लागतो, आणि बहुतेक घरांत चूक होते ती येथेच: लावला की लगेच तांब्या ओतला जातो. औषध गटारात आणि खाज अंगावर.

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचा लॅब्रॅडॉर तीस किलोंचा. त्या न्हाणीघरात त्याला धूत नाहीत. सकाळी फिरवून दमवून आणतात, अर्धा तास टेकू देतात, मग अंगणात खरखरीत फरशीवर रबरी चटई टाकून त्याचा पट्टा फाटकाच्या गजाला आखूड बांधतात. स्वतः भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसतात. ओणवे होऊन ओतणे, उचलणे ही कामे घरकामाला येणारी मुलगी करते. शाम्पू चोळून झाला की बाई सावकाश रामरक्षा म्हणतात. ती संपते तेव्हा दहा मिनिटे झालेली असतात. तेवढ्या वेळात कुत्र्याने अंग चाटू नये म्हणून त्याला गाजराचे तुकडे एकेक करून मिळतात. आता तो त्या स्तोत्राचा पहिला शब्द ऐकताच खाली बसतो, असे त्यांचे म्हणणे. यात भक्ती किती आणि गाजर किती, हे मी विचारलेले नाही.

परिचारकांनी या बाईंच्या व्यवस्थेतली एक गोष्ट अवश्य उचलावी. ओली, फेसाळ फरशी, ओढणारा कुत्रा आणि ठिसूळ झालेली हाडे एकत्र येऊ देऊ नयेत. पट्टा मनगटाला गुंडाळून कधीही उभे राहू नये. घरातील वृद्ध व्यक्ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर कुत्र्याची नखे आधी कापून घ्यावीत आणि हातांत लांब रबरी मोजे घालावेत. उतारवयातली कातडी कागदासारखी असते. नखाचा एक ओरखडाही बराच वेळ वाहतो. दमा असल्यास ब्रशने केस विंचरण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

धुताना पोटाखाली, काखांत, जांघांत आणि बोटांच्या बेचकीत हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत पाणी ओतावे. पाण्याची काटकसर भिजवताना करावी, येथे करू नये. कानांत पाणी जाऊ देऊ नये. डोके ओल्या फडक्यानेच पुसलेले बरे. मग जुन्या सुती पंचाने टिपावे, रगडू नये. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको. पावसाळ्यात बोटांच्या मध्ये ओल राहिली तर आंबूस वास येऊ लागतो, तो बुरशीचा. वाहून गेलेले पाणी एखाद्या पाटीत धरून शौचालयात ओतता येते. तुळशीला मात्र औषधी शाम्पूचे पाणी घालू नये. पाणचक्कीच्या गावात पाण्याला दुसरे काम द्यायला कोणी शिकवायला नको.

घरगुती उपायांविषयी स्पष्ट बोलतो. गोचिडांसाठी रॉकेल, फिनेल किंवा घरातले जंतुनाशक अंगाला चोळण्याची रीत अजून आहे. ती सरळ विषप्रयोग आहे. टी-ट्री तेल कुत्र्यांना बाधते. कडुनिंबाविषयी आपल्याला आदर असतो, मलाही आहे, पण सोललेल्या कातडीवर त्याचे तेल झोंबते. आपल्या खाजेचे मलम त्याला लावले, तर तो ते चाटून पोटात घेतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारे औषध मिसळलेले असते, ते कुत्र्याला घातक ठरू शकते. म्हणून स्वतःच्या डब्यातली गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. मानेवर थेंब टाकण्याचे गोचीड-पिसूचे औषध वापरत असाल, तर त्याच्या आधी व नंतर दोन दिवस तरी स्नान टाळावे. त्याची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी. तिच्यातल्या धुळीतील सूक्ष्म किडेही ॲलर्जी जागती ठेवतात.

इतके करूनही ॲलर्जी समूळ जात नाही. ती आवाक्यात राहते, रात्री झोप लागते, आणि औषधांची मात्रा कधी कधी कमी करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्नानाची तारीख, त्या आठवड्यातली खाज, खाण्यातला बदल आणि फिरण्याची वाट एवढे लिहून ठेवा; पशुवैद्यकाला त्या पानांतून ऋतूचा धागा सापडतो. केस गोल चकत्यांनी जाऊ लागले, पू किंवा दुर्गंधी आली, कान दुखू लागला, तर स्नानाच्या दिवसाची वाट न पाहता त्याला दाखवावे. आणि त्याच सुमारास घरातल्या कोणाच्या अंगावर गोल चट्टे उठले किंवा रात्री खाज सुटू लागली, तर ती ॲलर्जी नसून गजकर्ण किंवा खरूज असू शकते. साधी ॲलर्जी कुत्र्याकडून माणसाला लागत नाही, हे दोन मात्र लागतात. तेव्हा त्याच दिवशी आपल्याही डॉक्टरांकडे जावे.