पहिलं ट्रिपिंग

साखर कारखान्यांचा ऑफ-सीझन तो आमचा सीझन. गाळप थांबलं की ११ केव्हीच्या पॅनलला हात लावायला मिळतो, आणि बॉयलर पेटायच्या आत रिपोर्ट द्यावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याला निघण्याआधी मी फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत इनकमर चालवू नका. ऑफ-सीझनलाही ग्रिडची वीज तिथूनच येते, त्यामुळे तो महिनोन्‌महिने ऑन असतो. असा ब्रेकर पहिल्यांदा उघडतो तेव्हाच खरं बोलतो. एकदा उघडझाप झाली की सुकलेलं ग्रीस मोकळं होतं आणि पुढचे आकडे गोड येतात. "साहेब, सकाळीच चार वेळा चालवून बघितला, झकास आहे," असं कौतुकाने सांगणारे जागोजागी भेटतात. झालं, त्या दिवसाची निम्मी टेस्ट तिथेच संपते.

इथल्या इलेक्ट्रिशियनकाकांनी मात्र शब्द पाळला. शटडाऊन घेतानाच ट्रिप कॉइलच्या वायरला एक क्लॅम्प लावला, दुसरा सीटीच्या सेकंडरीला, आणि काकांना पॅनलवरून ट्रिप द्यायला सांगितलं. ११८ मिलिसेकंद. ट्रॉली बाहेर काढून पुन्हा घेतलं, तर ५४, मग ४७. बसवतानाच्या रिपोर्टात ४५ होते. कॉइलच्या करंटच्या आलेखात प्लंजर हलल्याची खळगी अगदी वेळेवर, उशीर सगळा तिच्या पुढे. म्हणजे कॉइल निर्दोष, गोम लॅचमध्ये. वरच्या ब्रेकरच्या रिलेशी २५० मिलिसेकंदांचं अंतर राखलेलं. त्यातले सत्तरेक इथेच खर्च झाले तर फॉल्टच्या वेळी वरचाही सोबत उडायची भीती.

चीफ इंजिनिअरांचा डोळा दुसऱ्याच आकड्यावर. काँटॅक्ट रेझिस्टन्स आर फेजला ३८, वायला ४१ आणि बीला ९६ मायक्रोओम. "व्हॅक्यूम बॉटल गेली, नवी मागवू," ते म्हणाले. म्हटलं, थांबा. व्होल्टेजच्या क्लिप टर्मिनलवरून काढून थेट बॉटलच्या दोन टोकांना लावल्या, पुन्हा १०० अँपिअर सोडले. २९! बाकीचा रोध खालच्या फ्लेक्झिबलच्या जोडात होता. बोल्ट खोलले तर चांदीचा मुलामा काळा ठिक्कर आणि स्प्रिंग वॉशर दबून सपाट. साफ करून, वॉशर बदलून, टॉर्क रेंचने आवळल्यावर बी फेज ४० वर आला. इनकमरला मी बदली सुचवली नाही. मेकॅनिझम उतरवून जुनं ग्रीस धुवा, लॅचचा रोलर बदला आणि पुढच्या वर्षीही पहिलं ट्रिपिंग माझ्यासाठी राखून ठेवा, एवढंच लिहिलं.

बदलायला सांगितला तो फायबरायझरच्या मोटरचा ब्रेकर, ज्याच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. टायमिंग सुरेख, रेझिस्टन्स सुरेख. पण काँटॅक्ट उघडे ठेवून हायपॉट लावला, तर २२ केव्ही गाठायच्या आतच वाय फेज कोसळला. बॉटलमध्ये हवा शिरली तरी मिटलेले काँटॅक्ट छानच टेकतात. रेझिस्टन्सला व्हॅक्यूम दिसत नाही.

"एकच बॉटल बदलली तर?" चीफ इंजिनिअरांनी खर्चाचा हिशेब मांडला. बॉटल मिळालीही असती. पण शाफ्टच्या पिनांची भोकं लांबट झालेली, आणि त्या मॉडेलचं उत्पादन थांबलेलं. पॅनल तेच ठेवून ट्रॉली नवी घ्या, असं रिपोर्टात लिहून दिलं. जुनी लगेच भंगारात घालू नका, हेही सांगितलं. तिची स्प्रिंग चार्जिंग मोटर आणि दोन्ही कॉइल ठणठणीत आहेत, आणि शेजारचे दोन फीडर त्याच मेकचे आहेत.